समुद्रापारची सजा : एका फिरत्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर, रेवदंडा

इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांची आज जयंती, म्हणून कामाला आजचाच मुहूर्त धरला. वाचनालयाच्या कार्यकारिणीत ठरलं ते असं : समुद्रापार सजा झालेल्यांवर आणि तिथून निसटू पाहणाऱ्यांवर फिरतं प्रदर्शन करायचं, एका छोट्या टेम्पोत मावेल एवढंच. पहिला मुक्काम आपल्याच वरच्या हॉलमध्ये, १७ फेब्रुवारीला, म्हणजे पुण्यतिथीला. नंतर शाळा बोलावतील तिथे.

बैठकीत पहिली सूचना आली ती अंधाऱ्या कोठडीची. थर्माकोलच्या भिंती, बेड्या, मागे तेलाचा घाणा करकरल्याचा आवाज. मी म्हटलं, घाणा अंदमानच्या सेल्युलर जेलमधला. ते जेल बांधून पूर्ण झालं १९०६ मध्ये. फडके वारले १८८३ मध्ये, तेही एडनच्या तुरुंगात. अंदमानला ते गेलेच नाहीत. यावर अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग आवाज कसला लावायचा?"

जन्मठेप म्हटली की अंदमान, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की आपल्याच जिल्ह्यातला माणूस नेमका कुठे नेला गेला, हेही सांगावं लागतं. हा पहिला फलक.

९ नोव्हेंबर, शिरढोण

पनवेलहून गोव्याकडे निघालं की पळस्पे फाटा, आणि थोडं पुढे शिरढोण. हमरस्त्यावरचे कंटेनर घरंघळत जातात, गावात शिरलं की आवाज कमी होतो. स्मारक पाहिलं, फोटो घेतले. गावातून दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्या किल्ल्याचे किल्लेदार होते वासुदेवांचे आजोबा अनंतराव. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू १८४५ चा. म्हणजे घरात ही गोष्ट ताजीच असणार, पोरगं ती ऐकतच वाढलं असेल.

आता किल्ल्याच्या पायथ्याशी पक्षी अभयारण्य आहे. सहलीला येणाऱ्या मुलांना तांबट पक्षी ओळखता येतो, किल्लेदाराचं नाव कुणी सांगत नाही. तक्रार नाही, नोंद.

पळस्प्याचं महत्त्व मला इथे उभं राहून कळलं. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले आणि लूट घेऊन घाटावर परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं. दौलतराव मारले गेले. रामोश्यांचा हा नाईक म्हणजे फडक्यांचा उजवा हात. बंडाचं कंबरडं मोडलं ते फडके पकडले गेल्यावर नव्हे, त्याच्या दोन महिने आधी. आणि ते मोडलं फडक्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर लूट करून परतताना. नकाशात हे दोन ठिपके शेजारी-शेजारी दाखवायचे.

१६ नोव्हेंबर

कालपट जुळवला. पुण्यात लष्करी हिशेब कचेरीत कारकुनी. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, ती गेली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यात धामारी गावी पहिला दरोडा. सरकारने डोक्यावर इनाम लावलं, तर यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर लावलं. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडे देवर नावडगी गावी अंगात ताप असताना, झोपेत पकडले गेले. पुण्यात खटला. वकीलपत्र घेणाऱ्यांत सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी. सरकारच्या हाती सगळ्यात मोठा पुरावा कोणता, तर फडक्यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी. कारकुनाची सवय, सगळं लिहून ठेवायचं.

जन्मठेप काळ्या पाण्याची. जानेवारी १८८० मध्ये एडन. तिथल्या तुरुंगातून निसटले, पण पुन्हा पकडले गेले.

एक गोष्ट ठळक टाकायची : एडन त्या वेळी मुंबई इलाख्यातच होतं. १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि कारभार मुंबईहून चालायचा. म्हणजे माणूस हद्दपार झाला, पण ज्या सरकारशी लढला त्याच सरकारच्या हाताखाली राहिला.

२३ नोव्हेंबर

एडनचा भूगोल लावत बसलो. विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात वसलेलं गाव. तिन्ही बाजूंनी समुद्र, मुख्य भूमीशी जोडणारी वाळूची एक सपाट पट्टी, तिच्यावर इंग्रजांची नाकेबंदी. नदी नाही. पाऊस वर्षाला जेमतेम पाचेक सेंटिमीटर. आमच्याकडे तेवढा एका दुपारी पडतो. पाणी म्हणजे विहिरी, डोंगराच्या घळीत बांधलेली जुनी टाकी आणि समुद्राचं पाणी उकळून गोड केलेलं.

तुरुंगातून निसटलेला माणूस कोकणात परत येणार कसा, हे विचारायला संध्याकाळी जेट्टीवर तांडेलदादांना नकाशा दाखवला. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल. त्यांना अंतराचं काही वाटलं नाही, त्यांनी आधी विचारलं, "महिना कुठला?" म्हटलं, सध्या तरी हिवाळा धरा. तर म्हणाले, "मास्तर, हिवाळ्यात वारा ईशान्येचा. आपल्याकडून तिकडे न्यायचा. शिडाचं गलबत तिकडून इकडे यायचं म्हणजे नैऋत्येचा वारा लागतो, तो पण पावसाळा मोडायला आल्यावर. मधे कुणी आणणार नाय." मग नकाशा दुमडून परत देत, "आणि पैशे कोण देणार होता?"

चौलच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या टिपणात चौलही आहे आणि एडनही. या दोन बंदरांची जुनी ओळख. पण ती ओळख नाखव्यांची आणि व्यापाऱ्यांची. पुण्याच्या कचेरीतून डोंगरात आणि तिथून तुरुंगात गेलेल्या माणसाच्या ती काय कामाची?

वाऱ्याचा फलक करायचा. दोन बाण, दोन रंग. यावर अजून कुणी प्रदर्शनात काही लावलेलं मी पाहिलं नाही.

५ डिसेंबर

दार मिळालं. चौलला एक जुनं घर पाडताहेत. सागवानी एक फळीचं दार, मागे आडव्या पट्ट्या, लोखंडी बिजागऱ्या जागेवर. मालकांनी फुकट दिलं, अट एकच : पाटीवर घराण्याचं नाव नको, भाऊबंदकी चालू आहे.

८ डिसेंबर

दिवसभर सुतारमामांच्या मांडवात.

फडक्यांच्या सुटकेबद्दल सगळीकडे एक वाक्य छापलेलं असतं : दार बिजागऱ्यांवरून निखळवून ते एडनच्या तुरुंगातून निसटले. शाळेत असल्यापासून मी ते वाचतोय आणि दरवेळी डोळ्यांपुढे बलदंड माणूस दार उपटतोय असंच चित्र येतं. पुतळ्यांतले त्यांचे दंड पाहूनही असेल. मामांना हे ऐकवलं. ते हसले आणि बोटाने बिजागरी दाखवली.

जुन्या दारांची बिजागरी आजच्यासारखी पानापानाची नसते. चौकटीत एक लोखंडी आकडा ठोकलेला, त्याचं टोक वर उभं. दाराला लांब पट्टी, पट्टीच्या टोकाला वळवलेली नळी. नळी आकड्यावर वरून बसवली की झालं. दार नुसतं टांगलेलं असतं, त्याचं वजनच त्याला जागेवर ठेवतं. मामांनी उंबरठ्याजवळ पहारीचं टोक घातलं, खाली विटेचा तुकडा टेकू म्हणून दिला आणि पहार दाबली. दार दोन बोटं वर गेलं, खालची नळी सुटली. खांद्याने जरा रेटलं, वरचीही सुटली. दार त्यांच्या अंगावर कललं, त्यांनी ते भिंतीला लावून ठेवलं. कडी-कोयंडा आणि कुलूप शेवटपर्यंत जसंच्या तसं.

"कुलपाकडे कोण बघतंय," मामा म्हणाले. "कुलूप या अंगाला, दार निघालं त्या अंगाने."

मग खरी गंमत सांगितली. दार निघायचं तर गणेशपट्टी, म्हणजे चौकटीचं वरचं आडवं लाकूड, आणि फळीच्या मध्ये वर फट लागते. कोकणात सुतार ती ठेवतोच, कारण पावसात लाकूड फुगतं, फट नसेल तर आषाढात दार उघडत नाही. कोरड्या हवेत उलटं. लाकूड आकसतं, फट आपोआप वाढते, खिळे सैल होतात. चोराची भीती असलेल्या घरात आकड्याच्या टोकावर हातोडा मारून ते पसरट करतात, म्हणजे नळी वर सरकत नाही.

आम्ही एडनचं दार बनवत नाही आहोत, हे फलकावर स्वच्छ लिहायचं. आपण दाखवतोय ते टांगलेलं दार निघतं कसं. त्यात ताकदीपेक्षा जास्त लागतं ते बघणं. रोज तेच दार समोर, आणि हिशेब कचेरीत आयुष्य गेलेला माणूस. त्याने ते किती बारकाईने न्याहाळलं असेल, याची मला आज पहिल्यांदा कल्पना आली.

वजन केलं : ३८ किलो. मुलांना उचलू द्यायचं तर बोटं चेमटू नयेत म्हणून खाली रबरी ठोकळे. पहारीऐवजी लाकडी पाचर.

१५ डिसेंबर

आराखडा बदलला. कोठडी रद्द.

कारण असं. दार निघालं, माणूस बाहेर पडला, आणि तरी पकडला गेला. एडनमध्येच १७ फेब्रुवारी १८८३ ला मृत्यू, वय ३७. मग बघणाऱ्याला कोठडीत उभं करून काय मिळणार? त्याला दाराबाहेर उभं करायला हवं. म्हणून हॉलचा सगळ्यात मोठा भाग आता बाहेरचा : जमिनीवर एडनचं द्वीपकल्प रंगवायचं, दारातून पाऊल टाकलं की पाय थेट नकाशावर. पुढे समुद्र, एका अंगाला वाळूची पट्टी आणि नाकं. चालायचं कुठे ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि समोरच्या भिंतीवर सह्याद्री. तिथेही त्यांच्यामागे पलटण होती, इनाम होतं, तरी ते महिनोन्महिने निसटत राहिले, कारण रामोशी, कोळी, धनगर बरोबर होते. कुठल्या घळीत पाणी आहे ते सांगणारं कुणीतरी होतं. पहिल्यांदा पकडले गेले ते मुलूख सोडून कानडी प्रांतात गेल्यावर. दुसऱ्यांदा अरबस्तानच्या टोकाला. मला या प्रदर्शनातून सांगायचंय ते एवढंच, आणि ते दार आणि जमीन मिळून सांगतील. फलकावर लिहिणार नाही.

कार्यकारिणीत एकजण नाराज. बेड्या ऑनलाइन मागवून झाल्यात म्हणे.

२१ डिसेंबर

छपाईचे भाव आणले. फ्लेक्स स्वस्त, पण चकाकतो आणि वाचताना दिवे दिसतात. कापडावर छापायचं ठरलं. टेम्पोत घडीही पडते.

२८ डिसेंबर

अंदमानला वगळणं बरोबर नाही, पण सेल्युलर जेलपासून सुरुवात करायची नाही. सुरुवात १८५८. मार्चमध्ये डॉ. वॉकर सेमिरामिस जहाजातून सत्तावनच्या उठावातले दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. जेल नव्हतंच. झाडं तोडायची, झोपड्या बांधायच्या. भिंत नाही, दार नाही, तेव्हा पळणारे पहिल्या दिवसांपासून पळाले. काहींची समजूत होती की जंगल पार केलं की ब्रह्मदेश लागतो आणि तिथला राजा आसरा देईल. बेटावरून चालत ब्रह्मदेश. पळालेल्यांत जंगलात किती मेले त्याला गणती नाही, आणि परत हाती लागलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर दिलं.

त्यांतला दुधनाथ तिवारी हा शिपाई एप्रिल १८५८ मध्ये इतरांबरोबर पळाला. अंदमानी लोकांनी टोळीवर हल्ला केला, बरोबरचे मेले, हा जखमी होऊन वाचला. पुढे त्याच लोकांनी त्याला ठेवून घेतलं. वर्षभर त्यांच्यात राहिला, त्यांचं खाल्लं, त्यांच्यात लग्न केलं. मे १८५९ मध्ये अंदमानी लोक वसाहतीवर चालून यायला निघाले, तेव्हा हा आधी पळत जाऊन इंग्रजांना खबर देऊन आला. हल्ला फसला. तीर-कामठे एकीकडे आणि तोफा-बंदुका दुसरीकडे. दुधनाथला माफी मिळाली, तो घरी गेला.

या फलकाचा मजकूर लिहिताना मी अडखळलो. सत्तावनचा बंडवाला, म्हणजे आमच्या भाषेत क्रांतिकारक. जगला कुणामुळे, तर ज्यांना नंतर त्याने विकलं त्यांच्यामुळे. कार्यकारिणीतून फोन आला की हा प्रसंग लहान मुलांसमोर कशाला. मी म्हटलं, या सगळ्या प्रदर्शनात पळून जाऊन जिवंत घरी पोचलेला हा एकटाच माणूस आहे, त्यालाच काढू? मजकूर ठेवला. विशेषण एकही लावलं नाही.

४ जानेवारी, रत्नागिरी

थिबा राजवाडा. पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलं की भाट्याची खाडी आणि समुद्र एकदम अंगावर येतो. विटांचा लाल रंग, उतरती छपरं, लाकडी खिडक्यांचे अर्धगोल. १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलेला राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला. हा वाडा त्याला मिळाला १९१० मध्ये. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. कबर रत्नागिरीतच आहे.

अंदमानातले ते कैदी ज्या ब्रह्मदेशच्या राजाच्या भरवशावर जंगलात शिरले, त्याच गादीवरचा पुढचा राजा कोकणात कैदी. आपण एरवी कोकणातून माणसं बाहेर पाठवली गेली एवढंच बोलतो. कोकणही कुणाचं तरी काळं पाणी होतं. थिबाच्या वाड्याला दारं भरपूर, बिजागऱ्या उत्तम ब्रिटिश बनावटीच्या, कुणीही उघडावीत. तीस वर्षांत त्याला जायला जागाच नव्हती. गादी गेली, देश सरकारजमा, आणि भोवती न कळणारी भाषा.

फोटो काढायला चौकीदाराने आडकाठी केली नाही, उलट कुठून उजेड चांगला येतो ते दाखवलं. येताना पावसहून आमसुलं घेतली.

१२ जानेवारी

सावरकरांचा फलक किती मोठा, यावर दोन तास. एका बाजूला सहा फलक हवेत, दुसऱ्या बाजूला एकही नको. मी एक मागितला : ८ जुलै १९१०, मार्सेय, मोरिया बोटीच्या झरोक्यातून उडी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय लागले आणि तिथल्या शिपायाने धरून परत बोटीवर दिलं. खटला हेगच्या लवादापर्यंत गेला, निकाल इंग्रजांच्या बाजूने. आपल्या विषयाशी याचाच संबंध. बाकीच्यावर गावात बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलणारच. एक फलक मंजूर, दोन्ही बाजू सारख्याच नाराज, म्हणजे माप बरोबर बसलं असावं.

२५ जानेवारी

जमिनीचा नकाशा रंगवला. जाड कापडावर, घडी घालता येईल असा. समुद्राला निळा नको म्हटलं, सगळ्याच नकाशांत निळा असतो. शेवटी नीळ आणि काजळी मिसळून जो रंग आला तो पसंत. वाळूच्या पट्टीसाठी खरी वाळू चिकटवायचा बेत होता, हॉलची लादी खराब होईल म्हणून नकार. गेरू आणि चुना.

६ फेब्रुवारी

आठवीच्या वर्गावर चाचणी. पाचरीने दार उचलणं सगळ्यांना जमलं, मुली जास्त झटपट, कारण त्या आधी बिजागरीकडे बघत होत्या. मुलगे थेट खांदा लावत होते. बाहेर पडल्यावर मात्र सगळेच नकाशावर उभे राहिले. एक म्हणाला पोहत जाऊ. दुसऱ्याने विचारलं, पाणी कुठलं प्यायचं? तिसरा वाळूच्या पट्टीकडे निघाला, नाक्याशी थांबला. नाखव्याची एक पोर मागे वळून वाऱ्याच्या फलकापाशी गेली, दोन्ही बाण बघून म्हणाली, "सर, हा बाण तर उलटा आहे. बोट येईल कशी?"

मार्गदर्शक म्हणून तिलाच उभी करणार. तिच्या आजीला विचारून झालंय.

१५ फेब्रुवारी

उभारणी. बेड्या परत पाठवल्या नाहीत, एका काचपेटीत ठेवल्यात, खाली लिहिलंय 'नमुना, आजचा'. वरचे दिवे पिवळे. आवाजाचा प्रश्न अध्यक्षांनीच सोडवला : काहीच नको, खिडक्या उघड्या ठेवा.

१८ फेब्रुवारी

काल गर्दी बरी झाली. शिरढोणहून काही मंडळी आली, पळस्प्याच्या दोन ठिपक्यांपाशी बराच वेळ होती. दुधनाथच्या फलकापाशी वाद झाला, शांतपणे झाला. एका निवृत्त पोलिसाने दार उचललं, परत बसवलं आणि आकड्याचं टोक चपटं करून घ्या असा सल्ला दिला, नोकरीची सवय.

करायची कामं : वरची नळी झिजलीय, मुरुडच्या मुक्कामाआधी लोहाराकडे. थिबाच्या फलकावर मंडालेचा फोटो काळपट आलाय, पुन्हा छापायचा. टेम्पोवाल्याला शुक्रवारऐवजी गुरुवार सांगायचा, शुक्रवारी शाळेत स्नेहसंमेलन आहे. नकाशाच्या कापडाला घडीवर रंग तडकतोय, पुढच्या वेळी गुंडाळून न्यायचा.